रांगेच्या टोकाची शेजारीण

१

डिसेंबर लागला की आमच्या गावात अर्धी माणसं खोकत असतात नि अर्धी गात असतात. विद्यापीठाच्या संगीतशाळेत गेलात तर एकाच गळ्यानं दोन्ही कामं चाललेली. बोळातून चालताना या खोलीतून व्हायोलिन, त्या खोलीतून ट्यूबा, सगळ्यांचं तेच नाताळचं गाणं, फक्त एकाचं पुढे, दुसऱ्याचं मागे. डोकं उठतं. तरी दर वर्षी आम्ही जातो.

मोठ्या वृंदात विद्यार्थी असतात आणि आमच्यासारखी गावातली माणसंही घेतात. शिक्षण कुणी विचारत नाही, गळा बघतात. मी आठवीत शाळा सोडली ती घरच्या गाईंच्या धारा काढायला. सुरांची लिपी मला अजून वाचता येत नाही. ऐकते आणि म्हणते. खालच्या सुरातल्या बायकांत तिसऱ्या रांगेला मी उभी असते. माझ्या उजव्या हाताला लव्हर्न. टपाल कचेरीत उभा जन्म गेला तिचा, आणि तोंड असं फटकळ की संचालकसुद्धा तिच्याकडे बघायचं टाळतात.

गुरुवार ते रविवार रोज कार्यक्रम. काळे पोशाख. बर्फाचे बूट बोळात काढून ठेवायचे, त्यांची ओळ भिंतीलगत, खाली पाण्याची डबकी. मग लाकडी पायऱ्यांवर दोन-दोन तास उभं राहायचं. माझे गुडघे शुक्रवारपर्यंत माझे असतात, पुढे देवाचे.

सगळ्यात शेवटी जे असतं त्याच्यासाठी लोक लांबलांबून बर्फातून गाड्या हाकत येतात. दिवे मालवतात. आमच्या हातातल्या विजेच्या मेणबत्त्या तेवढ्या उरतात. आम्ही सगळे एकच खालचा सूर धरतो आणि बाहेर मनोऱ्यावरच्या घंटा वाजायला लागतात. घंटा थांबेपर्यंत तो सूर तुटू द्यायचा नाही. आजवर तुटलेला नाही, हे गावात सगळे छाती काढून सांगतात.

आता एवढा वेळ एका दमात कोण गाईल? म्हणून श्वास वाटून घ्यायचा. शेजारीण सूर धरून असते तेव्हा आपण हळूच श्वास घ्यायचा. ती घेईल तेव्हा आपण धरायचं. आम्ही त्याला खेप म्हणतो. तुझी खेप, माझी खेप. टॉलफसन सर, आमचे संचालक, पहिल्या तालमीला दर वर्षी तेच सांगतात.

"दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी खेप ठरवून घ्या. आपल्या मनानं कुणी श्वास घ्यायचा नाही. दोघी एकदम सापडलात तर दोघींना ट्यूबावाल्यांत पाठवीन."

"तिकडे निदान बसायला खुर्ची मिळते," लव्हर्न म्हणाली.

यंदा माझी नात मॅरिट वृंदात आली. संगीतशाळेत पहिलं वर्ष, राहायला माझ्याकडे. जन्मापासून दम्याची पोर, फवाऱ्याची डबी कायम खिशात. दिवसा वर्ग, संध्याकाळी विद्यापीठाच्या भोजनघरात भांडी विसळायची, त्यात परीक्षा तोंडावर. चेहरा एवढासा झाला होता. एकदा जेवता जेवता काटा खाली ठेवून म्हणाली, "आजी, मला एक दिवस असा हवाय की कुणी माझ्याकडे काही म्हणजे काही मागणार नाही."

"मेल्यावर मिळतो तसा," मी म्हटलं. हसण्यावारी म्हटलं.

ती उंच, म्हणून सरांनी तिला तिसऱ्या रांगेच्या टोकाला उभी केली. तिच्या उजवीकडे मी. डावीकडे भिंत.

२

तालमीत मला पहिल्यांदा जाणवलं ते असं, की पोरीचा सूर कुठेही डगमगत नाही. नव्या मुली घाबरतात. श्वास घेताना खांदे वर जातात, सूर जरा हिसका खातो. मॅरिटचा तेलाच्या धारेसारखा. मी माझी खेप घ्यायची तेव्हा तिचा सूर असायचा. मी धरायची तेव्हाही असायचा.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अगं, तू श्वास कधी घेतेस?"

"घेते ना. ठरवलंय आम्ही."

"माझ्याशी कुठे ठरवलंस?"

"तुझ्याशी काय ठरवायचं, तू कधी घेतेस ते मला ऐकू येतं. गाय पाण्यावर आल्यासारखी घेतेस." मग खिडकीची वाफ पुसत म्हणाली, "डावीकडच्या बाईंशी ठरवलंय. फार चांगल्या आहेत. म्हणजे, सांभाळून घेतात."

मी पुढचा रस्ता बघत होते. बर्फ भुरभुरत होतं आणि काच पुसणारा दांडा एका बाजूनं अडत होता. मनाशी म्हटलं, मागच्या रांगेतली कुणीतरी असेल. डावं-उजवं करताना माणसाचा गोंधळ होतो, त्यात पोर दमलेली. दुसऱ्या दिवशी लव्हर्नला सांगितलं.

"टोकाच्या मुलीला डावीकडे शेजारीण?" ती म्हणाली. "बरंय की. मला उजवीकडे आहे ती लसूण खाऊन येते. अदलाबदल करते का विचार."

आम्ही दोघी हसलो. पण आमची रांग शेवटची. मागे कुणी उभं नसतं, हे मला हसताना आठवलं.

३

शनिवारी दुपारी मॅरिट सोफ्यावर झोपून गेली. हातात पुस्तक, पायात एकच मोजा. मी स्वयंपाकघरात बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटत होते. घर शांत. तळ्यावरचं बर्फ कुठेतरी तडकल्याचा आवाज तेवढा येत होता.

तिच्या श्वासाचा आवाज मला लहानपणापासून पाठ. आत घेताना बारीक शिट्टी, सोडताना घरघर. कितीतरी हिवाळे मी तो ऐकत जागी राहिले आहे. त्या दुपारी शिट्टी नव्हती. म्हटलं, देव पावला. पोळी तव्यावर टाकली, आणि माझ्या लक्षात आलं की मी उलथनं हातात धरून थांबले आहे. कशाची तरी वाट बघतेय.

तिनं श्वास घेतला. सोडला. मग काही नाही. नीट एका श्वासाएवढं काही नाही. मग पुन्हा तिनं घेतला.

मी जवळ जाऊन बसले, पीठ लागलेले हात मांडीवर. पुन्हा तसंच. तिचा एक, मग एक रिकामी जागा, मग तिचा. झोपेत श्वास अडकतो तसं नव्हतं ते. अडकलेला श्वास कसा येतो मला माहीत आहे, धडपडत येतो. हा निवांत होता. जणू मधला श्वास दुसरं कुणी घेत होतं आणि ही आपली खेप येईपर्यंत पडून होती.

पोळी करपल्याचा वास आला तेव्हा मी उठले. तरुण पोरं, गाढ झोप, असं स्वतःला समजावलं. ती जागी झाली तेव्हा गालांवर रंग होता. कितीतरी दिवसांनी.

"कशी झोपले गं आजी!" आळस देत म्हणाली. "करपवलीस ना? दे, मी खाते ती."

बुधवारपर्यंत दोन श्वासांमधली जागा दुपटीनं वाढली होती.

४

गुरुवारचा पहिला कार्यक्रम. दिवे मालवले, सूर धरला, घंटा सुरू झाल्या. मी माझं गाणं गात नव्हतेच म्हणा, नुसता कान डावीकडे लावून उभी होते.

मॅरिटचा सूर. त्याच्या पलीकडे भिंत. आणि भिंतीच्या बाजूनं कुणीतरी श्वास आत ओढला.

हळूच. नाकानं, ओठ उघडे ठेवून, कुणाला कळू नये असा. तो आवाज ओळखायला चुकेन अशी मी नाही. आयुष्यभर लोकांच्या शेजारी उभी राहून गायलेय.

"खोली तापवायचे गरम पाण्याचे नळ," लव्हर्न नंतर बूट चढवताना म्हणाली. "ही इमारत माझ्याहून म्हातारी. दोघींच्याही पोटातून आवाज येतात."

मलाही तेच हवं होतं. शुक्रवारी सकाळी उजेडात एकटीच सभागृहात गेले. झाडूवाला खुर्च्यांमधून फिरत होता, त्यानं हात हलवला. मी पायऱ्या चढून टोकाला गेले. पायरी आणि भिंत यांच्यात हाताचा पंजा जेमतेम सरकेल एवढी फट. नळ म्हणाल तर त्या भिंतीला नव्हतेच, ते समोर होते. भिंत साधी, पिवळट चुन्याची. हात लावला तर थंडगार, कोरडी. फक्त एका ठिकाणी ओलसर. खिडकीच्या काचेवर तोंड टेकून उभं राहिलं की उमटतो तसा वाफेचा गोल. मॅरिटच्या तोंडापेक्षा तो जरा खाली होता, माझ्या तोंडाच्या उंचीवर.

मी रुमालानं पुसला. मागे सरून उभी राहिले, चष्मा साफ केला. तेवढ्यात तो परत आला होता.

५

मी तडक टॉलफसन सरांच्या खोलीत गेले. त्यांना सडकून सर्दी. टेबलावर गोळ्यांची पाकिटं नि अर्धा खाल्लेला केक.

"सर, मॅरिटला टोकावरून काढा. माझ्या उजवीकडे घ्या. मी राहते टोकाला."

"आर्डिसबाई, आज शुक्रवार आहे."

"मला ठाऊक आहे आज काय आहे ते."

"कार्यक्रम चालू असताना मी जागा हलवत नाही." त्यांनी नाक शिंकरलं. "आणि का हलवू? त्या कोपऱ्यातून आजवर कधी आवाज यायचा नाही. भिंत सगळा पिऊन टाकायची. यंदा कोपरा असा भरलाय! काल मी हात खाली घेतला तरी चाललं असतं, सूर आपला आपण उभा होता. मला तेवढीच विश्रांती."

"विश्रांती," मी म्हटलं.

"तुम्हीही घ्या थोडी. डोळे बघा तुमचे."

काय सांगणार होते मी त्यांना? भिंत ओली आहे म्हणून?

संध्याकाळी मॅरिट भांड्यांच्या कामावरून आली ती दार आपटूनच. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"माझी जागा काढायला सांगितलीस? आजी, तू?"

"बस. जेव आधी."

"भूक नाही. का सांगितलंस?"

"तुझी फवाऱ्याची डबी कुठे आहे?"

तिनं कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाली, "लागत नाही आता."

"जन्मभर लागली."

"आता नाही लागत! किती दिवस झाले खोकले नाही मी, तुझ्या लक्षात आलं का? आनंद व्हायला हवा तुला." तिचा आवाज उतरला. शेजारी येऊन बसली, डोकं माझ्या खांद्याला लावलं. केसांना भांड्यांच्या साबणाचा वास. "आजी, अख्ख्या आठवड्यात मला एवढी एकच जागा आहे जिथे बरं वाटतं. तिथं मला काही करावं लागत नाही. त्या म्हणतात, तू राहू दे."

"काय राहू दे?"

"म्हणजे म्हणत नाहीत. कळतं. तू राहू दे, मी घेते."

"कशा दिसतात गं त्या?"

"मी कशाला बघेन? समोर बघायचं असतं, सरांकडे." जांभई देऊन ती हसली. "तूच तर शिकवलंस."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तिचं बोलणं संपलं होतं. बराच वेळ हाताखाली काहीच हललं नाही. मी तिला चिमटा काढला तेव्हा "आई गं" म्हणून तिनं श्वास घेतला आणि माझ्यावर रागावून वर निघून गेली.

तिच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "दमा गेला म्हणतेस आणि रडतेस का?" शनिवारी मॅरिटला घरी कोंडून ठेवावं असं मनात होतं. तर मी उठायच्या आत ती गेली होती. शनिवारचा कार्यक्रम कसा झाला मला विचारू नका. मी फक्त तिच्या बाहीची शिवण धरून उभी होते.

६

रविवारचा शेवटचा कार्यक्रम दुपारचा असतो. सगळे थकलेले. मुलींच्या डोळ्यांखाली काळं, पुरुषांचे गळे बसलेले. बोळात कुणीतरी बुटांच्या ओळीतच बसल्या बसल्या झोपलं होतं. सभागृह मात्र खच्चून भरलेलं, लहान पोरं, ओल्या कोटांचा वास.

मी सकाळपासून एकच ठरवलं होतं. ही गळ्यानं गात असेल तर गाऊ दे, पण तिच्या छातीवर माझं लक्ष असेल. दिवे मालवले तसा मी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. तिनं झिडकारला नाही. सूर सुरू झाला. घंटा सुरू झाल्या.

माझी खेप आली, गेली. परत आली. लव्हर्नची आली. हाताखाली बरगड्या होत्या. पोशाख होता. हालचाल नव्हती. मी वाट पाहिली. आत्ता घेईल, आत्ता घेईल. तिच्या तोंडातून सूर येतच होता, गोल, गोड, भरलेला. आणि पोर हळूहळू जड होत होती, झोपलेलं मूल खांद्यावर जड होतं तशी, भिंतीकडे कलत.

"मॅरिट," मी म्हटलं.

गाताना कुणी बोलत नाही. लव्हर्ननं मला कोपर मारलं. खाली सर डोळे मिटून हात हलवत होते. घंटा त्या दिवशी थांबायचं नावच घेत नव्हत्या. वरचा दोर ओढणाराही शेवटचा दिवस म्हणून रंगात आला असणार.

मॅरिटच्या हातातली मेणबत्ती कलली आणि तिचा उजेड पलीकडे गेला.

भिंत पाहिजे होती तिथे बाही होती. काळ्या कापडाची, आमच्यासारखीच. तिच्या पलीकडे आणखी एक बाही. तिच्या पलीकडे आणखी. रांग तिथं संपतच नव्हती. कुणाच्याही हातात मेणबत्ती नव्हती. चेहरे मी पाहिले नाहीत, पाहायचं धाडस झालं नाही. तोंडं उघडी होती एवढं दिसलं. आणि खांदे सगळ्यांचे सैल, दिवसभर राबून आल्यावर माणूस खुर्चीत टेकतं तसे. एकही छाती हलत नव्हती.

मी विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी पोरीच्या कमरेला हात घातला आणि तिला नाचात फिरवतात तशी माझ्यावरून उजवीकडे फिरवली. ती लव्हर्नवर आदळली, तिथून खाली पायरीवर बसली. माझ्या पायाखालची फळी वाजली. आता टोकाला मी होते. माझ्या डाव्या बाहीला दुसरी बाही येऊन लागली.

सूर तुटला नाही.

मी मनात म्हटलं, ती नाही. खेप ठरवायचीच तर माझ्याशी ठरव.

खाली मॅरिटनं श्वास घेतला. गंजलेलं फाटक ओढल्यासारखा, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा. मग खोकली. मग पुन्हा घेतला, शिट्टीसकट, घरघरीसकट. इतका चांगला आवाज मी त्या घंटांमध्येही कधी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता माझे गुडघे दुखायचे थांबले. पाठ थांबली. वर्षानुवर्षांचं काहीतरी कुणीतरी माझ्या खांद्यावरून उचलून घेतलं, अगदी अदबीनं, म्हाताऱ्या बाईच्या हातातली पिशवी घेतात तसं.

मग दिवे लागले. लोक उभे राहिले होते, टाळ्या पडत होत्या. सर डोळे पुसत होते. लव्हर्न माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

"आर्डिस," ती म्हणाली. "बस कर आता. घंटा थांबल्या."

मी मान हलवली.

"अगं ए, तोंड मिट. सगळे बघतायत."

मॅरिट पायरीवर बसून माझा पोशाख ओढत होती. नाक वाहत होतं, डोळे सुजलेले, खोकल्यानं चेहरा लाललाल. "आजी," ती म्हणत होती, "दमले गं मी. फार दमले. घरी चल ना."

चल बाळा, मला म्हणायचं होतं. एवढंच. पण बोलायचं तर आधी श्वास घ्यावा लागतो, आणि माझी खेप अजून आली नव्हती.